एक नंबर कुठला?

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबईतल्या वाचनालयांच्या बालविभागात एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "याचा एक नंबर आहे का?" विचारणारं मूल दहा-बारा वर्षांचं असतं आणि हातात भुतांच्या मालिकेतलं मधलंच कुठलं तरी पुस्तक असतं. मागे उभी असलेली आई घाईत असते. "अरे, घे ना कुठलंही, सगळी सारखीच आहेत." मुलाचं म्हणणं खरं असतं, कारण काही पुस्तकं आधी वाचली नाहीत तर पुढच्यांची मजा जाते. आईचंही बरंचसं खरं असतं, कारण बहुतेक पुस्तकं कुठूनही वाचता येतात. अडचण वेगळीच आहे. 'एक नंबर' म्हणता येईल अशी पुस्तकं निदान आठ आहेत, आणि त्यातली तीन-चार एकाच फळीवर शेजारी शेजारी उभी असतात.

ही नोंद मुख्यतः 'गूजबम्प्स' या मुलांच्या इंग्रजी भयकथा-मालिकेबद्दल आहे, आणि थोडी तिच्या थोरल्या बहिणीबद्दल, म्हणजे 'फिअर स्ट्रीट'बद्दल. दोन्ही मालिकांचा लेखक एकच, अमेरिकेचे आर. एल. स्टाइन. गोष्टी कशा असतात हे इथे सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात या वयाचं मूल आहे किंवा जे नव्वदीत स्वतः त्या वयाचे होते, त्यांना ते माहीत आहेच. क्रमाचा घोळ कसा होत गेला, तेवढंच मांडते.

मुलांच्या मालिकांना नंबर द्यायची रीत जुनी आहे. अमेरिकेत १९२७ साली दोन हेर भावांची आणि १९३० साली हेर मुलीची मालिका सुरू झाली. एका टोपणनावाखाली अनेक जण लिहीत, नायकांचं वय जवळपास तिथेच थांबलेलं असे, त्यामुळे ३० नंबर आधी वाचला काय आणि ३ नंबर आधी वाचला काय, काही बिघडत नव्हतं. मराठीतही तसंच होतं. झुंजार आणि काळापहाड हे नायक ज्यांनी उभे केले त्या बाबूराव अर्नाळकरांच्या नावावर हजाराहून जास्त रहस्यकथा आहेत. सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांतून ती पातळ पुस्तकं घरोघर फिरली, आणि त्यांचा क्रम लावावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. 'समर्थ' ज्यांत येतात त्या नारायण धारपांच्या भयकथाही हाताला लागेल तिथून वाचल्या गेल्या. आमच्या आईवडिलांच्या पिढीला क्रम हा प्रश्नच पडला नव्हता. काउंटरवरची आई "सगळी सारखीच" म्हणते, त्यामागे ही सगळी सवय आहे.

किशोरांसाठी खास भयकथा, आणि त्याही स्वस्त कागदी बांधणीत, ही गोष्ट १९८५-८६ नंतरची. तोपर्यंत आपले लेखकमहाशय मुलांसाठी विनोदी मासिक चालवायचे आणि कोड्या-विनोदांची पुस्तकं लिहायचे. एका संपादिकेने त्यांना किशोरांसाठी भयकथा लिहायला सांगितली, पुस्तकाचं नावही तिनेच दिलं, आणि १९८६ साली ते पुस्तक आलं. ते चाललं, म्हणून मालिकेचा विचार झाला. पण भयकथेची मालिका करायची तर एक पेच असतो. एकाच मुलीच्या आयुष्यात दर महिन्याला खून पडू शकत नाही. पडले तर दुसऱ्या महिन्यातच वाचकाचा विश्वास उडेल. यावरचा तोडगा म्हणजे १९८९ सालची 'फिअर स्ट्रीट'. माणसं दर पुस्तकात नवी, रस्ता तोच. शेडीसाइड नावाचं गाव, त्यातला तो रस्ता, त्याच्या टोकाचा जळका वाडा आणि मागचं जंगल. मालिकेचा धागा माणसातून काढून जागेत ओवला गेला, आणि त्याच क्षणी 'क्रम' या शब्दाचा अर्थ सैल झाला. कुणाच्या आयुष्याचा क्रम? रस्त्याच्या? पण रस्ता तर गोष्टीच्या आधीही होता.

'गूजबम्प्स' जुलै १९९२ मध्ये आली, ही आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी. इथे खून नाहीत, प्रकरणाच्या शेवटी दचकवणं आहे आणि पाठोपाठ विनोद. आधी साधारण दोन महिन्यांनी आणि १९९३च्या मध्यापासून दर महिन्याला एक, असं करत डिसेंबर १९९७ पर्यंत मूळ मालिकेची ६२ पुस्तकं झाली. प्रत्येकावर नंबर. तो नंबर कथेचा नव्हता, छपाईच्या वेळापत्रकाचा होता, हे नीट लक्षात घ्यायला हवं. दुकानात ज्या महिन्यात जे मूल येईल त्याला त्या महिन्याचं पुस्तक घेता यावं, मागचं वाचलेलं नसलं तरी अडू नये, अशाच बेताने ती लिहिलेली आहेत. नंबर मुलाला एवढंच सांगतो की तुझ्याकडे हे नाही. गोळा करायची ओढ त्या आकड्याने लागते. मालिकेच्या ४० कोटींहून जास्त प्रती खपल्या त्यात या साध्या आकड्याचा वाटा मोठा आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तरीही त्या ६२ मध्ये काही छोट्या साखळ्या आहेत आणि तिथे क्रम खरोखर लागतो. हिरव्या चिकट 'मॉन्स्टर ब्लड'ची साखळी ३, १८, २९ आणि थेट ६२, म्हणजे मालिकेचं शेवटचं पुस्तक. ममीची गोष्ट ५ आणि २३, दोन्हींत मुलगा तोच. पुढचं अशुभ दाखवणारा कॅमेरा ४ आणि ४४. मुखवटा ११ आणि ३६. समुद्रातली गोष्ट १९ आणि ५८. आणि बोलक्या बाहुल्याची ७, ३१, ४०. बाकीची बहुतेक सुटी आहेत. वाचनालयात मी बालविभाग बघते, तिथे पालक विचारतात तेव्हा एवढंच सांगते: साखळ्या सरळ वाचू द्या, बाकीच्यांत त्याला हवं तसं फिरू द्या.

बाहुल्याच्या साखळीपाशी जरा थांबते, कारण क्रम मोडला की काय हरवतं ते तिथे स्वच्छ दिसतं. ७ नंबर, मे १९९३. दोन जुळ्या बहिणी, आणि दोघींकडे एकेक लाकडी बाहुला. घरात विचित्र प्रकार सुरू होतात. कोण करतंय? बहिणींतली एक? पहिला बाहुला? दुसरा? लेखक शेवटच्या पानापर्यंत संशय फिरवत ठेवतो आणि सर्वांत शेवटी एक वाक्य असं टाकतो की पुस्तक मिटवून मूल समोरच्या भिंतीकडे बघत बसतं. ते वाक्य मी इथे सांगणार नाही. ३१ नंबर मे १९९५ चा. तो सुरू होतो तेव्हा बिलंदर कोण हे वाचकाला माहीत आहे असं धरूनच गोष्ट चालते. ज्याने ३१ आधी वाचला त्याला ७ मध्ये रहस्य उरत नाही. तो बाहुला पुढे इतका गाजला की त्याच्या नावाने वेगळी मालिका निघाली, पोस्टरवर तोच, सिनेमात तोच. आज दहा वर्षांच्या मुलाला ७ नंबर कोरा वाचायला मिळणं जवळजवळ अशक्य आहे. नव्वदीत तो ज्यांनी वेळेवर वाचला, ती मुलं भाग्याची.

पण वेळेवर वाचला किती जणांनी? मुंबईत तेव्हा ही पुस्तकं महिन्याच्या महिन्याला येत नव्हती. मोठ्या दुकानांत काही नवी मिळायची, शाळेतल्या पुस्तक-प्रदर्शनात काही. उरलेली फाउंटनच्या फुटपाथवर, माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे, स्टेशनबाहेरच्या रद्दीच्या दुकानात. काही परदेशातून येणाऱ्या मामा-मावशींच्या बॅगेतून. एखाद्याकडे ९, १४ आणि ३३ असायचे, शेजारच्या बिल्डिंगमध्ये २२ आणि २७. क्रम जुळवणं हा मुलांचा आपसातला व्यवहार होता, बसमध्ये आणि डब्याच्या सुट्टीत चालणारा. वहीच्या मागच्या पानावर १ ते ६२ आकडे लिहायचे आणि वाचलेल्याला गोल करायचा. अशी एक वही अजून माझ्या भावाच्या कपाटात आहे. त्यात एका गोलाला दोनदा खोडलंय, कारण कुणीतरी त्याला कव्हर फाटलेलं पुस्तक दिलं होतं आणि कॉपीराइटच्या पानावरून त्याने नंबर चुकीचा काढला होता.

ही चूक तेव्हा अनेकांनी केली. अमेरिकन कागदी बांधणीच्या पुस्तकांत कॉपीराइटच्या पानाच्या तळाशी आकड्यांची एक ओळ असते, १२ ११ १० ९ ८ अशी उतरत जाणारी. तिच्यातला सर्वांत लहान आकडा ती कितवी छपाई एवढंच सांगतो. मुलांना वाटायचं, हाच मालिकेतला नंबर. 'फिअर स्ट्रीट'च्या बाबतीत याहून चांगली युक्ती निघाली होती. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला तोपर्यंत निघालेल्या पुस्तकांची यादी असायची आणि ती ओळीने निघालेल्या क्रमाने असायची. ज्या प्रतीतली यादी सर्वांत लांब, ती सर्वांत नवी. मग तीच वहीत उतरवून घ्यायची. कुणा मोठ्याने शिकवलेलं नसताना मुलं हे शोधून काढायची, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

वाचनालयांनी या घोळात भर घातली हे आपल्याच घरातलं असलं तरी सांगितलं पाहिजे. पुस्तक आलं की त्याची दाखलवहीत नोंद होते, दाखल क्रमांक पडतो, खाकी किंवा प्लॅस्टिकचं कव्हर चढतं आणि कण्याच्या खालच्या बाजूला क्रमांकाची चिठ्ठी चिकटते. या मालिकेत मूळ नंबरही कण्यावरच. चिठ्ठी बरेचदा बरोबर त्याच्यावर बसायची. मुलाला दिसायचं ४३१७. शिवाय फळीवर मांडणी लेखकाच्या आडनावाने, म्हणून आठ वर्षांच्या मुलासाठीची 'गूजबम्प्स' आणि सोळा वर्षांच्या मुलीसाठीची 'फिअर स्ट्रीट' एकमेकांत मिसळलेली. १९९५ पासून 'फिअर स्ट्रीट'च्याच नावाने लहानांसाठी भुतांची वेगळी उपमालिका निघाली, तेव्हा तर कव्हर बघून वय ओळखणंही कठीण झालं. चौथीतल्या मुलाने ममीनंतर खुनाची गोष्ट घरी नेली, आणि दुसऱ्या दिवशी आजोबा पुस्तक परत करायला आले, असं झालेलं आहे.

मी पार्ल्याच्या एका वाचनालयात बालविभाग बघायला लागले ते २००६ साली, म्हणजे पुराच्या पुढच्या वर्षी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमचं वाचनालय तळमजल्यावर. मुलांच्या हाताला यावीत म्हणून मुलांची पुस्तकं सर्वांत खालच्या दोन फळ्यांवर, त्यामुळे ती पहिली गेली. नंबरवार लावलेल्या 'गूजबम्प्स'मधली वरच्या फळीवर चुकून ठेवलेली तेवढी वाचली. मी आले तेव्हा ती आठ-दहा पुस्तकं एका खोक्यात होती, पानं फुगलेली, पण वाचण्याजोगी. त्यात ७ होता, १४ होता, १६ आणि २७ होता. बाकीचे हळूहळू मिळवायचे असं ठरलं.

याच काळात मूळ मालिका थांबलेली होती. ६२ नंतर १९९८ ते २००० मध्ये 'सीरीज २०००' नावाने २५ पुस्तकं निघाली, आणि त्यांचे नंबर पुन्हा १ पासून. त्याआधी १९९५ मध्ये 'गिव्ह युअरसेल्फ' ही वाचकानेच पुढचं पान निवडायची मालिका आली होती, तिचाही १ वेगळा. २००० नंतर आठ वर्षं नवं काही नाही. मुंबईत फुटपाथवर जुनंच फिरत राहिलं, आणि त्यामुळे एक गोष्ट चांगली झाली: या काळात 'नंबर' म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात बहुतेक मूळ ६२ चेच नंबर असायचे.

ते मोडलं २००८ साली. त्या वर्षी 'हॉररलँड' ही नवी मालिका सुरू झाली, आणि तिच्या जोडीने जुनी पुस्तकं 'क्लासिक' या नावाने पुन्हा छापायला काढली. ती जुन्या नंबरांनी काढली नाहीत, नवे नंबर दिले. जुना ७, म्हणजे बाहुला, झाला १. समुद्रातली गोष्ट, जुना १९, झाला २. मुखवटा ११ चा ४ झाला. भुतांच्या जत्रेची गोष्ट, 'वन डे ॲट हॉररलँड', १६ ची ५ झाली. ममी ५ ची ६, कॅमेरा ४ चा ८. आणि जुलै १९९२ मध्ये ज्या पुस्तकाने हे सगळं सुरू झालं, 'वेलकम टू डेड हाउस', ते गेलं १३ नंबरवर. मध्येच 'मॉन्स्टर ब्लड' मात्र जुन्यातही ३ आणि नव्यातही ३. या एका योगायोगाने फार फसवणूक केली. ज्याने ताडून पाहायला नेमकं तेच पुस्तक घेतलं, त्याला वाटलं नंबर तेच आहेत.

या निर्णयावर वाचकांत अजूनही वाद होतो, आणि दोन्ही बाजू समजून घेण्यासारख्या आहेत. प्रकाशकाची बाजू अशी. 'हॉररलँड'च्या पहिल्या पुस्तकात बाहुला आहे, दुसऱ्यात समुद्र, तिसऱ्यात मॉन्स्टर ब्लड, चौथ्यात मुखवटा, सहाव्यात ममी, आठव्यात कॅमेरा. जुन्या पुस्तकांचे नवे नंबर बरोबर याच्याशी जुळवलेले आहेत. म्हणजे २००८ मध्ये ज्या मुलाने नवीन १ घेतलं, त्याने सोबत क्लासिक १ घ्यायचं, त्याला बाहुल्याची जुनी ओळख मिळते. हा विचार उथळ नाही. दुसरा मुद्दाही खरा आहे. मूळ पहिलं पुस्तक बाकीच्यांपेक्षा भयाण आहे. त्यात विनोद जवळजवळ नाही, मालिकेचा सूर तिथे अजून लागलेला नव्हता. आठ वर्षांच्या मुलाची सुरुवात तिथून न होता बाहुल्याने झाली, तर ते मूल पुढचं पुस्तक मागायची शक्यता जास्त. इथपर्यंत मला सगळं पटतं.

पटत नाही ते एवढंच की यासाठी पुन्हा आकडेच वापरले. जोडी दाखवायची होती तर अक्षर देता आलं असतं, रंग देता आला असता, कव्हरवर 'या पुस्तकाबरोबर वाचा' असं छापता आलं असतं. निदान नव्या नंबरखाली जुना नंबर बारीक अक्षरांत द्यायचा. पंधरा वर्षं मुलांनी तो आकडा पत्त्यासारखा वापरला होता. वहीत, अदलाबदलीत, फुटपाथवाल्याशी बोलताना. "भाऊ, अकरा नंबर आहे का?" म्हटलं की मुखवटा मिळायचा. २००८ नंतर अकरा नंबर म्हणजे कुणासाठी मुखवटा आणि कुणासाठी लांडग्याची गोष्ट. अमेरिकेत जुन्या आवृत्त्या दुकानातून निघून गेल्या असतील आणि फळीवर नव्याच उरल्या असतील, तिथे हे निभावलं असेल. मुंबईत जुनं पुस्तक जात नाही. ते रद्दीतून फुटपाथवर आणि फुटपाथवरून वाचनालयात परत येतं. इथे दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी जिवंत राहिल्या आणि एकाच फळीवर आल्या.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. २०११ मध्ये देणगी आली आणि पुरात गेलेली पुस्तकं घ्यायचं ठरलं. यादी मी केली. दाखलवहीतून गेलेले नंबर काढले आणि पुरवठादाराला फक्त आकडे लिहून दिले: १, ५, ११, १२ आणि पुढचे. मला हवी होती मूळ पहिलं पुस्तक, ममी, मुखवटा आणि इच्छा पुरी होण्याची गोष्ट. खोकं उघडलं. नवी कोरी कव्हरं, चकचकीत. १ नंबर म्हणून बाहुला आला होता, जो आमच्याकडे ७ म्हणून होताच. ५ म्हणून जत्रा, जी १६ म्हणून होती. ११ म्हणून लांडगा, जो १४ म्हणून होता. १२ म्हणून किल्ल्याची गोष्ट, जी २७ म्हणून होती. पुरातून वाचलेली चारही पुस्तकं दुसऱ्यांदा आली आणि हवी होती त्यातलं एकही नाही. पुरवठादाराने आकडा बघून आकडा दिला होता, त्याचं काही चुकलं नव्हतं. परत करण्याची मुदत माझ्या लक्षात येईपर्यंत संपली होती. तेव्हापासून आमच्याकडे पुस्तकाचं नाव लिहिल्याशिवाय मागणी जात नाही.

'हॉररलँड' मालिकेबद्दल एक सूचना मात्र नक्की द्यायला हवी, कारण तिथे "कुठूनही वाच" हे चालत नाही. पहिल्या बारा पुस्तकांत बहुतेक ठिकाणी दोन भाग आहेत. पुढचा भाग स्वतंत्र गोष्ट. मागचा भाग त्या गोष्टीतल्या मुलांना भुतांच्या जत्रेत आणतो आणि ती जत्रा पुस्तकागणिक पुढे सरकत बाराव्यात संपते. मधलं एक गेलं तर जत्रेत नवीन आलेली मुलं कोण हे कळत नाही. मग १३ ते १९ हा दुसरा टप्पा. मूळ ६२ च्या सवयीने मुलं ही पुस्तकंही वाटेल तशी घेतात आणि मग "मागचं कळलंच नाही" म्हणत परत करतात. पुढे २०१२ ला 'मोस्ट वाँटेड', २०१७ ला बाहुल्याच्या नावाची मालिका, २०२३ ला 'हाउस ऑफ शिव्हर्स', आणि दर वेळी मोजणी नव्याने १ पासून. सुरुवातीला निदान आठ म्हटलं ते असे.

'फिअर स्ट्रीट'चा घोळ आकड्यांचा नाही, काळाचा आहे. १९९३ मध्ये, म्हणजे मूळ मालिका चार वर्षं चालल्यावर, 'फिअर स्ट्रीट सागा' ही तीन पुस्तकं आली: 'द बिट्रेयल', 'द सीक्रेट', 'द बर्निंग'. गोष्ट सुरू होते १६९२ मध्ये, चेटकीण म्हणून जाळण्याच्या काळात, आणि तो वाडा कसा जळला तिथे येऊन थांबते. कथेच्या काळाने पाहिलं तर हे सर्वांत आधीचं. म्हणून बरेच जण सांगतात, सागा आधी वाचा. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. चार वर्षं वाचक त्या जळक्या भिंतींजवळून जात होता, कुजबुज ऐकत होता, कारण कळत नव्हतं. सागा हे त्या न कळण्याचं उत्तर आहे, आणि प्रश्न पडायच्या आधी दिलेलं उत्तर हाताशी राहत नाही. निदान मूळ मालिकेतली पाच-सहा वाचून झाल्यावरच सागा द्यावी.

त्यात शब्दाची एक अडचण मराठीत वाढते. तो वाडा ज्या घराण्याचा, त्याच्या आडनावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग वेगळं होतं, Fier. त्याची अक्षरं हलवली की fire, म्हणजे आग या अर्थाचा शब्द होतो, आणि घराण्याचा शेवट आगीत होईल अशी ती खूण आहे. म्हणून एक वंशज स्पेलिंग बदलतो, आणि नवं आडनाव, Fear, भीती या अर्थाच्या शब्दाशी जुळतं. गोष्टीतली ही कळीची जागा. पण देवनागरीत दोन्ही आडनावं 'फिअर'च, त्यामुळे मराठीतून ही गोष्ट सांगायला बसलं की कागद घेऊन अक्षरं काढून दाखवावी लागतात. शिवाय १९९६ पासून 'फिअर स्ट्रीट सागाज' अशी आणखी एक, १६ पुस्तकांची मालिका निघाली. शेवटच्या एका अक्षराचा फरक. दाखलवहीत दोन्ही 'सागा' म्हणूनच चढलेली आमच्याकडे सापडली, आणि त्रयीचं तिसरं म्हणून एका मुलीला सागाजचं तिसरं दिलं गेलं होतं. तिने ते वाचलं, आणि परत देताना फक्त एवढंच विचारलं, "यात ती आधीची माणसं कुठे गेली?"

२०२१ च्या जुलैमध्ये या मालिकेवरचे तीन सिनेमे लागोपाठच्या तीन शुक्रवारी आले. नावांत सालं: १९९४, मग १९७८, मग १६६६. म्हणजे काळ उलटा, उत्तर शेवटी. पुस्तकांतलं १६९२ तिथे १६६६ झालंय, आणि सिनेमे कुठल्याही एका पुस्तकावर बेतलेले नाहीत. क्रमाबद्दल मी वर जे म्हटलं त्याला त्यांच्या रचनेने पाठबळ मिळालं, पण नवा प्रश्न आला. लॉकडाऊननंतर वाचनालय उघडलं तेव्हा मुलं '१९९४ नावाचं पुस्तक' मागू लागली. तसं पुस्तक नाही. शिवाय हे सिनेमे मोठ्यांसाठीचे आहेत, रक्त भरपूर आहे; पुस्तकं त्या मानाने सौम्य. पालकांनी सिनेमा बघून पुस्तकांवर बंदी घालू नये, आणि पुस्तकं बघून सिनेमाला मुभा देऊ नये.

आता मुलांच्या फोनवर क्रमाच्या याद्या सहज मिळतात. त्यातल्या बऱ्याच चांगल्या असतात, पण त्या कुठल्या आवृत्तीच्या नंबरांवर केल्या आहेत हे वर लिहिलेलं नसतं, आणि तिथेच गाडं अडतं. आमच्या बालविभागात गेल्या काही वर्षांपासून प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहितो: जुना नंबर, नवा नंबर आणि साखळी असल्यास आधीच्या पुस्तकाचं नाव. दाखल क्रमांकाची चिठ्ठी आता मागच्या कव्हरच्या आत. या सुट्टीत पाचवीतला एक मुलगा 'डेड हाउस'ची नवी प्रत घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, हा तेरा आहे, मला एक हवाय." मी पहिलं पान उघडून दाखवलं. त्याने पेन्सिलीचं वाचलं, मग पान उलटून कॉपीराइटपाशी गेला, तिथलं १९९२ बोटाने शोधलं, आणि पुस्तक काउंटरवर ठेवून कार्ड पुढे केलं.